गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना श्वसनाच्या विषाणूंपासून बचाव: काय करायचं, कधी करायचं

गरोदर बाईला ताप आला की घरातून एक सल्ला हमखास मिळतो: "गोळी-बिळी काही घेऊ नकोस, पोटातल्या बाळाला बाधेल." बाळंतपण झालेलं असेल तर दुसरा: "बरी होईपर्यंत अंगावर पाजू नकोस." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. फ्लू, कोविड किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाला होणारा एक विषाणू) यांमुळे गरोदरपणात गुंतागुंत होते तेव्हा त्यामागे बऱ्याचदा उशीर असतो. औषध सुरू करायला उशीर, एक्स-रे काढायला उशीर, दवाखान्यात जायला उशीर. म्हणून विषाणू घरात येऊ नये यासाठी काय करायचं ते खाली आहेच, पण तो आल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं यावर जास्त भर आहे.

गरोदरपणात धोका वेगळा का असतो

गर्भाशय वाढतं तसं पोट आणि छातीमधलं श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी कमी होते आणि शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढते. गंगाजळी कमी आणि खर्च जास्त, असा हा मामला आहे. एरवी निभावून जाणारा न्यूमोनिया इथे काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. त्यात हृदयावरचा ताण वाढलेला असतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे १ टक्का होत्या, पण मृतांमध्ये त्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. हा वाढीव धोका शेवटच्या तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो. बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असंही नाही. पुढचे दोन आठवडे तरी तो टिकतो.

एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे नाक चोंदतं आणि जिना चढताना धाप लागते, तेही काही संसर्ग नसताना. मग आजाराची धाप ओळखायची कशी? गरोदरपणाची धाप आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू वाढते, बसलं की कमी होते, सोबत ताप-खोकला नसतो आणि बोलताना वाक्य तुटत नाही. काल नव्हती आणि आज आहे, बसूनही जात नाही, तर ती धाप गरोदरपणाच्या खात्यावर टाकायची नाही.

लसी: कोणती, कोणत्या आठवड्यात

फ्लूची निष्क्रिय विषाणूची, म्हणजे इंजेक्शनने देतात ती लस कोणत्याही महिन्यात घेता येते. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, ती गरोदरपणात घ्यायची नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी घेतलेली बरी. दरवर्षी नवी लागते. मागच्या वर्षीची या वर्षी धरायची नाही. या लसीचा अर्धा फायदा बाळासाठी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्याला आईकडून वारेतून मिळालेल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या रक्तातल्या घटकांच्या, जोरावरच ते महिने काढावे लागतात.

आरएसव्ही मोठ्या माणसाला साधं पडसं वाटतो, पण काही आठवड्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका तो बंद करून टाकतो. आईला द्यायची आरएसव्हीची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. काही देशांत ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात, काही ठिकाणी २८ व्या आठवड्यापासून. बाळाला पुरेशी प्रतिपिंडं मिळायला लस आणि प्रसूती यांत किमान १४ दिवस जावे लागतात. तुमच्याकडे ही लस नसेल किंवा वेळ टळली असेल, तर जन्मानंतर बाळाला निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं का ते विचारा. बहुतेकदा दोन्हींपैकी एक पुरतं.

कोविडची लस गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना घेता येते. कोणती आणि कधी ते तुमच्याकडच्या चालू नियमांनुसार. डांग्या खोकला जिवाणूमुळे होतो, त्यामुळे तो या लेखाचा विषय नाही, पण त्याची लस २७ ते ३६ आठवड्यांत आणि प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यायची असते. याच भेटीत तिचंही विचारून टाका.

गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूच्या असतात. त्या गरोदरपणात नाही, बाळंतपणानंतर घ्यायच्या. अंगावर पाजत असलात तरी चालतं. या आजारांची प्रतिकारशक्ती नसताना गरोदरपणात अशा रुग्णाच्या सहवासात आलात, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोवराच्या बाबतीत संरक्षक इंजेक्शन सहवासानंतर सहा दिवसांच्या आतच उपयोगी पडतं.

लस फक्त आईने घेऊन भागत नाही. बाळाला उचलून घेणारं प्रत्येक माणूस, मोठं भावंड, आजी-आजोबा, मदतनीस, यांच्या लसी बाळ घरी येण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेल्या असाव्यात.

घरातली हवा

फरशी आणि दरवाजांच्या कड्या पुसण्यात लोक तासन्‌तास घालवतात आणि खिडकी मात्र बंद ठेवतात. हे विषाणू मुख्यतः हवेतून आणि जवळच्या श्वासातून पसरतात, त्यामुळे आधी हवेचा बंदोबस्त करायचा.

एकच खिडकी उघडल्याने हवा फारशी बदलत नाही. समोरासमोर दोन वाटा हव्यात: एक खिडकी आणि पलीकडचं दार, किंवा दोन भिंतींवरच्या दोन खिडक्या. छताचा पंखा असलेलीच हवा ढवळतो. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची आत आणत नाही. त्यामुळे एसी लावून पाहुण्यांसोबत बंद खोलीत बसणं हा सर्वात वाईट पर्याय. खिडक्या उघडता येतच नसतील तर हेपा फिल्टरचं (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचं) हवाशुद्धी यंत्र घ्या. घेताना त्याची क्षमता खोलीच्या आकाराला पुरते का ते पाहा, आणि ओझोन सोडणारं मॉडेल घेऊ नका. हवा खेळती आहे का हे कळायला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र उपयोगी पडतं. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आसपास असतो. खोलीत माणसं असताना तो ८०० च्या आत राहिला तर ठीक.

पृष्ठभागांचं थोडक्यात. आरएसव्ही खेळण्यांवर, टेबलावर काही तास टिकतो, म्हणून लहान मूल असलेल्या घरात ते पुसावेत. ५ टक्के ब्लीच २० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर केलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. रोज ताजं करायचं, पुसल्यावर किमान मिनिटभर ओलं राहू द्यायचं, खेळणी नंतर पाण्याने धुवायची. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेलं दुसरं काही मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. हे काम गरोदर बाईने न करता दुसऱ्या कुणी खिडकी उघडी ठेवून करावं.

हात साबणाने किमान २० सेकंद. साबण-पाणी नसेल तर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेला सॅनिटायझर.

मास्क लावला म्हणजे झालं असं नाही

मास्क कोणता यापेक्षा तो चेहऱ्याला कसा बसतो यावर जास्त अवलंबून असतं. कडेने फट असेल तर हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क असा लावा:

१. हात धुवा. मास्क हनुवटीखालून वर आणून नाकावर बसवा.
२. डोक्यामागे बांधायचे पट्टे असतील तर वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, खालचा मानेवर, कानांच्या खालून. दोन्ही पट्टे एकाच जागी घेतले की हनुवटीखाली फट पडते.
३. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या. एका हाताने चिमटीत दाबली तर मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना नळीसारखी फट राहते.
४. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांना हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा बसवा. मग श्वास घ्या. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे.

झडप असलेला मास्क तुम्हाला वाचवतो, पण तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. आजारी माणसाने तो वापरू नये. गरोदरपणात चांगला बसणारा मास्क घालायला हरकत नाही. गुदमरल्यासारखं झालं तर मोकळ्या हवेत जा, बसा आणि मगच काढा. कानाला अडकवायचे मास्क सहसा सैल बसतात, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी डोक्यामागे पट्टे असलेलाच घ्यावा.

मास्क सर्वात जास्त गरजेचा असतो तो दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आणि सोनोग्राफीच्या बंद खोलीत. भेटीची वेळ शक्यतो पहिली घ्या, नंबर येईपर्यंत बाहेर थांबता येईल का ते विचारा. संसर्गाच्या भीतीने तपासणी मात्र टाळू नका. रक्तदाब न मोजल्याचं नुकसान सर्दीपेक्षा कितीतरी मोठं असतं.

घरात कुणी आजारी पडलं तर

"साधी सर्दी आहे" हे ठरवायला कुणाला बसवू नका. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू सोडत असतो, त्यामुळे कळेपर्यंत थोडा उशीर झालेलाच असतो. त्याच तासात करायच्या गोष्टी:

आजारी माणसाची झोपण्याची खोली वेगळी, दार बंद. त्या खोलीच्या खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा, म्हणजे घरातली हवा त्या खोलीकडे ओढली जाते, उलट येत नाही. खोलीबाहेर येताना त्याने मास्क लावायचा. स्वच्छतागृह एकच असेल तर त्याने शेवटी वापरायचं, वापरताना आणि नंतर बाहेर हवा ओढणारा पंखा किंवा खिडकी चालू. सेवा करायला गरोदर किंवा पाजणारी बाई सोडून दुसरं कुणीतरी. तेच शक्य नसेल तर खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावावा आणि आतला वेळ कमीत कमी ठेवावा.

आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. घरात फ्लूचा रुग्ण असेल तर गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला प्रतिबंधक म्हणून विषाणूरोधक औषध द्यायचं का, हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

शाळेत किंवा पाळणाघरात जाणारं मोठं भावंड हाच नवजात बाळापर्यंत विषाणू पोचायचा नेहमीचा रस्ता. त्याला "बाळाजवळ जाऊ नकोस" म्हणून भागत नाही. घरी आल्यावर हात-तोंड धुवून कपडे बदलायचे, आणि पापी घ्यायची ती पायांची, चेहऱ्याची किंवा हातांची नाही. बाळ हात तोंडात घालतं, पाय अजून घालत नाही.

गरोदर असताना तुम्हालाच लक्षणं दिसली तर

पहिला दिवस महत्त्वाचा. ताप, अंगदुखी, घसा, खोकला सुरू झाला की डॉक्टरांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात किती आठवडे झालेत ते सांगा. चाचणी करा, पण निकालासाठी उपचार थांबवू नका. घरी करायची झटपट चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकते. कोविडची ४८ तासांनी पुन्हा करावी. फ्लूची शंका असेल तर ओसेल्टामिव्हिर हे औषध गरोदरपणात दिलं जातं, नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वाधिक गुण येतो. उशीर झाला असला तरी गरोदर बाईला ते दिलं जातं. पोटात काही असताना घेतलं की मळमळ कमी होते. कोविडवरही गरोदरपणात देता येणारी औषधं आहेत. मात्र मोल्नुपिराव्हिर, फॅव्हिपिराव्हिर आणि रिबाव्हिरिन ही गरोदरपणात टाळली जातात, म्हणून कुणाची उरलेली गोळी घेऊ नका.

तापाचं अंगावर काढायचं नाही. पहिल्या तिमाहीतला जास्त ताप बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषांशी जोडला गेलेला आहे, म्हणजे इथे गोळी न घेण्यातच बाळाला जास्त धोका. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला की पॅरासिटामॉल: एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर कमी डोस, डॉक्टरांना विचारून. इथे नेहमी होणारी चूक अशी की सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं, वरून वेगळी गोळी घेतली जाते आणि डोस दुप्पट होतो. पाकिटावरचे घटक वाचा.

बाकी औषधांचं असं आहे:

आयबुप्रोफेन आणि त्या गटातल्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात नकोत. २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गुंतागुंतीसाठी डॉक्टरांनी कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका.

नाक चोंदल्यावर आधी मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा फवारा. नाक मोकळं करणारे औषधी फवारे विचारून, तेही तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या पहिल्या तिमाहीत टाळाव्यात.

दमा असेल तर इनहेलर चालू ठेवायचा. "गरोदर आहे म्हणून बंद केला" हे वाक्य डॉक्टरांना फार वेळा ऐकावं लागतं, आणि त्यानंतर दम्याचा मोठा झटका आलेला असतो. मधुमेह असेल तर आजारपणात साखर वाढते, नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

वाफेने विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याचं भांडं मांडीजवळ घेऊन वाफारा घेताना भाजण्याचे अपघात मात्र होतात, आणि पुढे आलेल्या पोटामुळे भांडं सांभाळणं आणखी अवघड. नाक मोकळं वाटावं म्हणून कोमट पाण्याने आंघोळ पुरे. "नैसर्गिक" म्हणून घेतलेली वनौषधी किंवा जीवनसत्त्वांचे मोठे डोस हेही औषधच समजा. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला घातक ठरतं.

छातीचा एक्स-रे सांगितला तर काढून घ्या. त्यातून गर्भापर्यंत पोचणारे किरण ०.०१ मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) कमी असतात, आणि अपाय होऊ शकतो ती पातळी ५० मिलिग्रेच्या वर मानतात.

घरी असताना दिवसातून तीनदा मोजायचं

पाच मिनिटं शांत बसा. बोटावरचं नेलपॉलिश काढलेलं असावं, हात गार असतील तर चोळून गरम करा. ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारं छोटं यंत्र) मधल्या बोटाला लावून हात छातीच्या पातळीला स्थिर ठेवा आणि आकडा अर्धा-एक मिनिट एका जागी थांबला की मगच लिहा. पहिला दिसलेला आकडा बऱ्याचदा खोटा असतो. गरोदरपणात ९५ किंवा वर हवा. इतर मोठ्या माणसांना ९३-९४ वर "बघू या" म्हणतात, तसं इथे चालत नाही, कारण बाळाला मिळणारा ऑक्सिजन आईच्या रक्तातल्या पातळीवर अवलंबून असतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून आकडा ९५-९६ आणि धाप मात्र खरी, असं असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

श्वास दुसऱ्या कुणीतरी मोजावेत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून, आणि शक्यतो तुमच्या लक्षात येऊ न देता. मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मिनिटाला २० च्या वर सतत राहिले तर फोन, ३० च्या जवळ गेले तर थेट रुग्णालय.

झोपताना कुशीवर, विशेषतः २८ आठवड्यांनंतर. पाठीमागे उशी लावली की झोपेत उताणं व्हायला होत नाही. धाप असेल तर उशांवर रेलून, एका कुशीला कलून. पडून राहण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून जागेपणी दर तासाला घोटे गोल फिरवा, पावलं वर-खाली करा, खोलीतल्या खोलीत चाला. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या.

पुढच्यापैकी काहीही झालं तर रात्र असो की सुट्टी, लगेच निघायचं:

- ऑक्सिजन ९५ च्या खाली, किंवा धापेमुळे वाक्य पूर्ण होत नाही
- छातीत दुखणं, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं वागणं, उठवलं तरी गुंगी
- पॅरासिटामॉल घेऊनही ताप उतरत नाही, किंवा बरं वाटून दोन दिवसांनी पुन्हा चढला (असा ताप बऱ्याचदा वरून झालेल्या न्यूमोनियाचा असतो)
- बाळाची हालचाल कमी झाली किंवा बदलली
- रक्तस्राव, पाणी जाणं, कळा
- एकाच पायाला सूज आणि दुखणं
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं

शेवटचं लक्षण लोक तापाच्या खात्यावर टाकतात. ते वाढलेल्या रक्तदाबाचं असू शकतं, आणि कोविड झालेल्या गरोदर स्त्रियांमध्ये ही गुंतागुंत जास्त दिसली आहे. हालचालीबद्दलही एक गैरसमज फार पसरलेला आहे: शेवटच्या आठवड्यांत जागा कमी म्हणून बाळ कमी हलतं. तसं नसतं. सकाळपर्यंत थांबू नका.

प्रसूतीच्या वेळी संसर्ग असला तरी निव्वळ त्या कारणासाठी सिझेरियन लागत नाही. कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात निघण्याआधी फोन करून कळवा, म्हणजे खोली आणि माणसं तयार राहतील.

अंगावर पाजताना

फ्लू, कोविड, आरएसव्ही आईच्या दुधातून बाळाला होत नाहीत. होतात ते तिच्या श्वासातून आणि हातांवरून. उलट दुधातून त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं बाळाला मिळतात, आणि आई आजारी पडेपर्यंत बाळ तिच्या सहवासात आलेलंच असतं. त्या क्षणी पाजणं थांबवलं तर संसर्गाची संधी तशीच राहते, संरक्षण तेवढं जातं.

क्रम असा ठेवा: आधी मास्क, मग हात, मग बाळ. हात आधी धुवून नंतर मास्क बसवला की हात पुन्हा खराब होतात. बाळाला काखेखाली आडवं धरून पाजलं, म्हणजे पाय तुमच्या पाठीकडे आणि डोकं तळहातावर, की त्याचं तोंड तुमच्या तोंडापासून लांब आणि खाली राहतं. ढास लागली तर मान विरुद्ध खांद्याकडे वळवा, मास्क खाली ओढू नका. छातीवर खोकला-शिंक उडाली असेल तरच साबण-पाण्याने धुवा. दर वेळी धुवून स्तनाग्रं कोरडी पडतात आणि चिरतात. बाळाला मास्क किंवा तोंडावर काचेसारखी ढाल कधीही लावू नका, त्याने ते गुदमरू शकतं.

पाजून झालं की बाळ शक्यतो दोन मीटर लांब पाळण्यात, मध्ये खिडकीची हवा खेळती. तापात किंवा गुंगी आणणारं औषध घेतलेलं असताना बाळाला शेजारी घेऊन झोपू नका. नवजात बाळाला कातडीला कातडी लावून छातीवर धरणंही मास्क लावून चालू ठेवता येतं.

उठून बसवतच नसेल तर दूध काढून निरोगी माणसाने वाटी-चमच्याने पाजावं. २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने. सहा-सात तासांचा खंड पडला की स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात, आणि दूध कमी होऊ लागतं. तापात दूध थोडं कमी होतंच. स्तन रिकामे होत राहिले आणि पाणी पोटात जात राहिलं तर काही दिवसांत पुन्हा येतं.

पंपाचे दुधाला लागणारे सगळे भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करा. वाहत्या पाण्याखाली धरा, मग फक्त याच कामासाठी ठेवलेल्या टबात गरम साबणाच्या पाण्यात घासा. बेसिनमध्ये थेट ठेवू नका, तिथे जंतू जास्त. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. पुसू नका, स्वच्छ कापडावर वाळू द्या. नळीत दूध गेलं नसेल तर ती धुवायची गरज नाही. आत वाफेचे थेंब दिसले तर पंप दोन-तीन मिनिटं नुसताच चालवा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने टिकतं. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच उकळतं दूध राहून बाळाचं तोंड भाजतं. आजारपणात काढलेलं दूध फेकायचं नाही.

पाजताना पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेनही चालतं, ओसेल्टामिव्हिरही. स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेऊ नका, ते दुधातून जाऊन बाळाचा श्वास मंदावू शकतो. दुखण्यावर ॲस्पिरिनही नको.

बाळावर लक्ष

नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही आणि ते पिता पिता सोडून रडतं. पाजण्याआधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत घाला आणि हलक्या हाताने शेंबूड ओढून घ्या. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढलं तर आतली त्वचा सुजते. सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, आणि एक वर्षाच्या आत मधही नाही.

श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, छाती-पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट. लहान बाळ थोडा वेळ भराभर श्वास घेतं, मग काही क्षण थांबतं, पुन्हा सुरू करतं. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच तर डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळे, श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय. अगदी लहान बाळात आरएसव्हीचं पहिलं लक्षण श्वास मध्येच थांबणं हेच असू शकतं, ताप-खोकल्याशिवाय.

काखेत ३७.५ अंशांच्या वर भरलं तर तो ताप धरून फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त असेल, किंवा अंग गार पडून ३५.५ च्या खाली गेलं असेल, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, आधी दाखवायचं. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं, उठवूनही ते नीट पीत नाही, लंगोट नेहमीपेक्षा बरेच कमी ओले होताहेत, तरीही तेच.

आरएसव्ही तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त बळावतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं असेल आणि चौथ्या दिवशी बाळ दमताना दिसलं, तर "परवाच दाखवलंय" म्हणून थांबू नका, पुन्हा न्या. जाताना बाळाचं वय दिवसांत, शेवटचं किती वाजता आणि किती प्यायलं, शेवटचा लंगोट कधी ओला झाला आणि मोजलेले श्वास, एवढं कागदावर लिहून घ्या. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हेच विचारतात.